वाचन उपक्रमाच्या चाचण्या ठरल्या तारखेला घ्याव्यात की झालेल्या तासिका मोजून? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

गोवंडीतील महानगरपालिकेच्या चार शाळांत आमची लहानशी संस्था तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी मराठी वाचनाचा उपक्रम चालवते आणि यंदा त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मुलांना इयत्तेऐवजी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांनुसार बसवण्याची ही पद्धत 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या कामामुळे अनेकांना ठाऊक असेल. पद्धतीविषयी मला शंका नाही. अडचण दिवसांच्या हिशेबाची आहे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक गटाच्या ६० तासिका होतील आणि लगेच मध्यचाचणी घेऊ, असे आम्ही देणगीदारांना लिहून दिले होते. प्रत्यक्षात एका शाळेत ४३ झाल्या, दुसरीत जेमतेम ३१. गणपती आणि सहामाही परीक्षा आधीच वजा करायला हव्या होत्या, ती चूक माझीच. परंतु दुसरी शाळा दोन सत्रांत भरते, रिकामा वर्ग मिळत नाही, गट व्हरांड्यात बसतात आणि पावसाची झड आत आली की तासिका तिथेच थांबते. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामांना मुभा असल्याने शिक्षक त्या कामावर गेले की उरलेल्यांना वर्ग एकत्र करावे लागतात, आणि मग पहिली गदा आमच्या तासिकेवर येते. मुख्याध्यापकांच्या जागी मी असते तरी हेच केले असते.

मध्यचाचणी मात्र सगळीकडे एकाच आठवड्यात झाली आणि अहवालात दुसऱ्या शाळेतील आमची सेविका कमी पडल्यासारखी दिसली. वास्तविक ती आमच्यातली सर्वांत अनुभवी आहे. म्हणून पुढील वर्षी प्रत्येक गटाची चाचणी ४० तासिका पूर्ण झाल्यावरच घ्यावी, असे मला वाटते. यातही एक खोट आहे, ती म्हणजे ज्या गटाला ४० तासिकांसाठी दोन महिने जास्त लागतील, त्याची मुले तेवढे दिवस वर्गातही शिकलेली असतील.

असे नियोजन कोणी राबवले आहे का? देणगीदारांशी करार करताना त्याची शब्दरचना कशी केली? झालेल्या तासिकांची नोंद सेविकेने ठेवावी की वर्गशिक्षकांची सही घ्यावी? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनमध्येच वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवल्याने तासिका टिकल्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही कृपया सविस्तर लिहावा. नवा आराखडा मला याच महिन्याच्या अखेरीस द्यायचा आहे.