रि: रि: लेकीचा पहिला फिल्म कॅमेरा – सेलचा घोळ

प्रेषक: वेशभूषा विभाग
मंडळी, रविवारच्या आत उत्तर हवंय. लेकीला पंधरावं लागतंय आणि हट्ट आहे फिल्मच्याच कॅमेऱ्याचा. अण्णा त्यांचा जुना ऑलिंपस ओएम-वन कॅमेरा द्यायला तयार आहेत, पण त्याच्या सेलची काहीतरी भानगड आहे म्हणे. खजिनदार म्हणतात, नवा ऑटोमॅटिक घ्या. रोल कुठला घालायचा तेही सांगा. (गेल्या प्रयोगाचे फोटो कोणाकडे आहेत हे मी इथे विचारत नाहीये.)

प्रेषक: अण्णा
वहिनी, भानगड काही नाही. १९७२ साली हा कॅमेरा आला तेव्हा त्याचं नाव एम-वन होतं, लायका या कॅमेरा कंपनीने हरकत घेतली म्हणून ओएम-वन झालं. त्याचं उजेड मोजायचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं. ते सेल आता बंद झाले. त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टचा. मग मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. उपाय सोपा: रोल चारशेचा घालायचा (आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते तो आकडा), कॅमेऱ्यावरची त्या आकड्याची चकती दोनशेवर ठेवायची, म्हणजे मीटर जास्त उजेड मागतं. निगेटिव्हला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, तर पूर्ण यांत्रिक आहे, सेल काढून टाकला तरी चालतं.

प्रेषक: नाना, ध्वनी-प्रकाश
अण्णांचं गणित नव्या सेलपुरतं खरं. अल्कलाइनचं व्होल्टेज वापरता वापरता उतरतं, म्हणजे आज जेवढी चूक तेवढी पुढच्या महिन्यात नसणार. पोरीने चकती कशाच्या भरवशावर फिरवायची? कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. १.४ व्होल्ट, आणि संपेपर्यंत जवळजवळ तेवढंच राहतं. जरा लहान पडतो, भोवती रबराची रिंग घालायची. स्टिकर काढला की हवेवर चालू होतो आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत उतरतो. माझ्या डबीतले दोन देईन. आणि उजेडासंबंधी प्रश्न आधी मला विचारत जा, सगळ्यांना त्रास कशाला?

प्रेषक: खजिनदार
नाना, तुमचे सेल तुमच्या कानातच राहू द्या, मागच्या सभेत अर्धे ठराव तुम्हाला ऐकू गेले नव्हते. वहिनी, २०२४ साली आलेला पेन्टॅक्स १७ बघा. नवा कोरा, वॉरंटीचा. हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन बसतात, त्यामुळे छत्तीसच्या रोलवर ७२ फोटो.

प्रेषक: अण्णा
त्यात अंतर अंदाजाने ठेवायचं, एक्स्पोजर कॅमेरा ठरवणार. शिकणार काय?

प्रेषक: खजिनदार
पंधराव्या वर्षी शिकायचं की फोटो काढायचे?

प्रेषक: नाना, ध्वनी-प्रकाश
ठराव मला ऐकू गेले होते. पटले नव्हते.

प्रेषक: ग्रंथपेटी
सेलवरून एवढी पत्रं, पण अण्णांच्या कॅमेऱ्यातला स्पंज कोणी पाहिलाय का? मागच्या झाकणाच्या खाचेत काळ्या फोमची पट्टी असते. एवढ्या वर्षांत तिचा चिकट डांबरासारखा लगदा होतो आणि उजेड आत शिरून फोटोंवर लालसर पट्टे उमटतात. पट्टी बदलणं घरीही जमतं. झाकण उघडून शटर एक सेकंदावर ठेवून दाबा. खटका लगेच वाजला किंवा पडदा अडकला, तर आधी दुरुस्ती.

आमच्या चिरंजीवांना पेन्टॅक्सचा के१००० कॅमेरा दिला होता. तो १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, सेल साधा एलआर४४. मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर टोपण ठेवलं नाही तर सेल उतरतो. ते तो सांभाळायचा. पण पहिला अख्खा रोल कोरा आला, कारण फिल्मचं टोक पलीकडच्या फिरकीत अडकलंच नव्हतं. तेव्हा लेकीला पहिला धडा हा द्या: रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढील काढायची, मग लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरतेय का बघायचं. फिरत नसेल तर आत काही सरकत नाहीये.

रोल रंगीत निगेटिव्ह, चारशेचा. घरी धुवायची हौस असेल तर इलफर्ड एचपी५ हा कृष्णधवल रोल. आणि विमानतळावर न धुतलेला रोल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. नव्या सीटी स्कॅनरमध्येही खराब होतो, हातात देऊन तपासायला सांगा.

प्रेषक: वेशभूषा विभाग
लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, अण्णाआजोबांचाच हवा, मीटर बंद ठेवते, फोनमधल्या अ‍ॅपवर उजेड मोजते. मग सेलचा प्रश्नच मिटला ना?

प्रेषक: नाना, ध्वनी-प्रकाश
अ‍ॅप बरोबर दाखवतंय हे कोणी तपासलं? भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर ठेवा, चारशेच्या रोलला शटर पाचशेवर (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग). अ‍ॅप याच्या आसपास बोललं तर ठीक. नाहीतर फोन घेऊन माझ्याकडे पाठवा.

प्रेषक: अण्णा
नवा फोम लावून रविवारी आणतो. चामड्याचा पट्टा मात्र माझा, तो काढून घेईन.

प्रेषक: खजिनदार
तो पट्टा मंडळाच्या सामानाच्या यादीत आहे, अण्णा. ट्रायपॉडच्या खालीच.