फुकटातलं लिबरऑफिस 1,499 रुपयांना: धंदा की लुबाडणूक?

तिरपी मात्रा
माझा मामा निवृत्त शिक्षक, सध्या सोसायटीचा सचिव. इतिवृत्त टाइप करायचं म्हणून नवा लॅपटॉप घेतला. त्यात वर्ड नव्हतं. कुणीतरी लिबरऑफिस सुचवलं. मामाने शोधलं आणि सगळ्यात वरच्या दुव्यावर टिचकी मारली. 'प्रायोजित' हा शब्द तिथे होता, पण मुंगीएवढा. पान चकाचक, भलंमोठं हिरवं बटण, 'आजीवन परवाना फक्त 1,499'. यूपीआयने भरून मोकळा! उतरलं ते लिबरऑफिस बनवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या साइटवर कुणालाही फुकट मिळतं तेच, तेही जुनी आवृत्ती. शिवाय ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलून टाकलेलं. माझं मत सरळ आहे: फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विकायला बंदीच हवी.

जुना मॉनिटर
बंदी? आधी परवाने वाचा. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाजलेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय, प्रतीला हवी ती किंमत लावा किंवा लावू नका. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक स्टॉलमन स्वतः 1985 मध्ये ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप 150 डॉलरला विकत होते. इंग्रजीत 'फ्री'चा घोळ होतो हे समजू शकतो, आपल्याकडे 'मुक्त' (वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं) आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द असताना तुमचा का व्हावा? आणि तुमच्या त्या डॉक्युमेंट फाउंडेशननेच 2022 मध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर लिबरऑफिस 8.99 युरोला विकायला आणलं. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअरही त्याच्या स्वतःच्या साइटवर फुकट आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत. त्यातून प्रकल्पाला पैसे मिळतात.

हळदुगा
बारीकशी दुरुस्ती: लिबरऑफिस जीपीएलवर नाही, एमपीएल 2.0 या दुसऱ्या मुक्त परवान्यावर आहे. विकायला आडकाठी त्यातही नाही. चालू द्या.

तिरपी मात्रा
@जुना मॉनिटर, टेप पाठवायला खर्च यायचा. आणि ज्याच्याकडे नेट आहे त्याने एफटीपीने फुकट उतरवावं, ही वाट खुली होती. इथे ती वाटच झाकून ठेवलीय. क्रिताचे पैसे क्रिताला मिळतात. मामाचे 1,499 कुणाच्या घशात गेले?

चहाबाज
माझं नेट कॅफे आहे. व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर टाकून देणे, मराठी कळफलक चालू करून देणे, सगळे मिळून 100 रुपये घेतो. मग मीही लुटारू का? मामांनी 1,499 भरले कारण भाचा वेळेवर फोन उचलत नाही, असा माझा अंदाज. (हलके घ्या.)

तिरपी मात्रा
फोनचं खरं आहे. तुमचे 100 मेहनतीचे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

काना वेलांटी
मी डीटीपीवाला. आमच्याकडे हाच प्रकार फाँटमध्ये चालतो. परवा एक गिऱ्हाईक 'पाच हजार मराठी फाँट 299 मध्ये' असलेला पेनड्राइव्ह घेऊन आला. लग्नपत्रिकेसाठी त्यातलाच फाँट हवा म्हणे. फाइलचं नाव कसलंतरी 'गर्जना', पण बसवायला उघडली तर आतल्या माहितीत 'मुक्ता' आणि खाली 'एक टाइप'! मुंबईच्या या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी तो ओएफएल या फाँटसाठीच्या मुक्त परवान्यावर सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. जुना मॉनिटर, तुमचा मुद्दा इथे लंगडा पडतो. ओएफएलचा फाँट दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत विकता येतो, नुसता फाँट म्हणून विकता येत नाही. त्याच ड्राइव्हमध्ये विकतच्या फाँटच्या चोरलेल्या प्रतीही होत्या, ते वेगळंच.

जुना मॉनिटर
फाँटपुरतं मान्य. पण धागाकर्त्यांना हवी तशी बंदी मायक्रोसॉफ्टने आणून पाहिली आहे. स्टोअरवर मुक्त सॉफ्टवेअर विकायचं नाही असा नियम जुलै 2022 पासून लावणार होते. ओरड कुणी केली? प्रामाणिक प्रकल्पांनीच, कारण पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडत होती. शेवटी ते कलम बदलावं लागलं. जर्मनीने शहाणपणा केला. फुकटची सॉफ्टवेअरं दाखवून वर्गणीत अडकवणाऱ्या साइटींचा तिथे सुळसुळाट झाला होता. ऑगस्ट 2012 पासून बटणावरच 'पैसे भरावे लागतील' हे ठळक लिहायची सक्ती झाली. नसेल लिहिलं तर करारच होत नाही.

तिरपी मात्रा
मामाच्या बाबतीत तो कायदाही वाया. किंमत तर ढळढळीत लिहिली होती. लिहिलं नव्हतं ते एवढंच, की हेच मूळ साइटवर फुकट आहे. बंदी मागे घेतो, पण ही ओळ बटणाच्या वर हवी.

जुना मॉनिटर
शेजारच्या दुकानात फुकट मिळतं अशी पाटी कुठला दुकानदार लावेल?

तिरपी मात्रा
शेजारच्याच्या नावाची पाटी लावून बसलाय तो! लिबरऑफिस हे नाव फाउंडेशनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. माल विका, पण स्वतःच्या नावाने.

ता. क.: काल मामाकडे जाऊन आलो. ब्राउझर ताळ्यावर आणला. जुनं काढून फाउंडेशनच्या साइटवरची नवी आवृत्ती टाकायला घेतली, तर मामाने माझा हात धरला. "ते राहू दे रे. विकतचं आहे ते."