मदत हवी आहे: ग्रीन पॉलिसीचा एफडीआयवरचा (थेट परदेशी गुंतवणुकीवरचा) परिणाम मोजायचा कसा?

एमएच्या प्रबंधाचा विषय आहे, विकसनशील देशांनी हरित धोरणं आणली की परदेशी गुंतवणूक येते की पळते. वर्ल्ड बँकेचा एफडीआय डेटा (जीडीपीच्या टक्क्यात) घेऊन आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये फिक्स्ड इफेक्ट्सचं रिग्रेशन (प्रत्येक देशाचे न बदलणारे फरक बाजूला काढून संबंध मोजायची पद्धत) लावून बघितलं, एक वर्षाचा लॅगही दिला (म्हणजे परिणाम वर्षभराने धरला), पण दोन-चार देश काढले-घातले की परिणामाचं चिन्हच उलटं होतं, अधिकचं उणे. मला वाटतं गोची अशी आहे की एकूण आकड्यात सगळंच कालवलं जातं. इंडोनेशियाने 2020 पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, सुलावेसीत चिनी पैशातून स्मेल्टर (धातू गाळायचे कारखाने) उभे राहिले, माल बॅटरीसाठी म्हणून हरित, आणि वीज मात्र कोळशाची, आता हे कुठल्या खान्यात टाकायचं! दक्षिण आफ्रिकेत 2011 पासून लिलावातून पवन-सौर प्रकल्पांत परदेशी पैसा आला, मग तिथल्या सरकारी वीज कंपनीने, एस्कॉमने, वीजखरेदी करारांवरच्या सह्या लटकवल्या आणि काम अडलं. धोरण कागदावर होतंच की.

ओईसीडीचा (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा) पर्यावरण धोरणांच्या कडकपणाचा निर्देशांक सुचवू नका प्लीज, त्यात गरीब देश जवळपास नाहीतच. पेड डेटाबेस परवडणार नाहीत. अंक्टाडचे (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेचे) तक्ते चाळलेत, पण देश आणि क्षेत्र दोन्ही एकत्र असं काही सापडलं नाही. विषय बदलायला गाईड तयार नाहीत, देश कमी केले तर चालेल म्हणतात.

तर देशनिहाय फक्त अक्षय ऊर्जेतली परदेशी गुंतवणूक फुकट कुठे मिळेल, आणि नसेलच मिळत तर रिग्रेशन सोडून या दोनच देशांची केस स्टडी केली तर परीक्षक मान्य करतील का?