अनुभव धागा: आपल्या शहरातला प्रोग्रेसिव्ह रॉक बँड तुम्हांला कसा सापडला?

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना सत्तरच्या दशकातले इंग्लंडमधले बँड आठवतात. दहा-बारा मिनिटांची रचना, मध्येच बदलणारी लय, पाच किंवा सात मात्रांत फिरणारा ठेका, एकाच सूत्रात ओवलेला सबंध अल्बम, ही या संगीताची ओळख आपल्याला परदेशी रेकॉर्ड आणि कॅसेटांतून झाली. परंतु याच वळणाचे संगीत मुंबई, पुणे, बंगळुरू, कोची आणि दिल्ली येथील तरुणांनी गेली वीस-पंचवीस वर्षे स्वतः रचले आहे, आणि पुष्कळदा ते त्यांच्याच शहरातल्या श्रोत्यांपर्यंत पोचलेले नाही. म्हणून या धाग्यात आपण प्रत्येकाने दोन गोष्टी लिहाव्यात, अशी विनंती आहे: जवळचा असा पहिला बँड आपल्याला कसा सापडला, आणि सापडल्यावर आपण त्याच्यासाठी काय केले. नुसत्या नावांची यादी नको, प्रसंग सांगा. सुरुवात मी करतो.

डोंबिवली

डिसेंबर 2009 मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो' महोत्सवात वाजवून गेला. कार्यक्रम संपल्यावर कांजुरमार्ग स्थानक गाठण्यासाठी आम्ही तीन अनोळखी माणसे एका रिक्षात बसलो. त्यांतल्या एकाने मला विचारले, "हे तुला इतके आवडते, तर मग मुंबईतले कोणाकोणाला ऐकले आहेस?" माझ्यापाशी एकही नाव नव्हते. त्याने खिशातल्या कागदावर तीन नावे लिहून माझ्या हातात दिली, आणि त्यांत 'कोशिश' हे नाव होते.

कोशिशचा 'फिरदौस' हा हिंदी अल्बम 2013 मध्ये आला. त्याच्या सीडीवर गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटलेला होता; त्यातल्या गोष्टीचा खरा क्रम श्रोत्याने स्वतः लावायचा होता. मी वहीचे पान फाडून प्रत्येक गाण्याच्या नावाची चिठ्ठी केली आणि रात्री जेवणे आटोपल्यावर त्या चिठ्ठ्या फरशीवर मांडून बसू लागलो. एका गाण्याचा शेवटचा स्वर दुसऱ्याच्या पहिल्या स्वराशी जुळतो का, एकातला शब्द दुसऱ्यात पुन्हा येतो का, हे तपासत दोन आठवडे गेले. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून आईने त्यांवर चमचे ठेवून दिले होते, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसते. पुढे मी त्या सीडीच्या आणखी तीन प्रती घेतल्या आणि मित्रांना वाढदिवसाला दिल्या. तिघांनी तीन निराळे क्रम लावले, आणि त्या वादातून आमचा दर महिन्याला एक तरी स्थानिक कार्यक्रम ऐकण्याचा परिपाठ सुरू झाला.

गिरगाव, मुंबई

माझे वय 61 आहे, त्यामुळे माझा अनुभव धोबी तलावच्या रंगभवनापासून सुरू होतो. तेथे 1986 मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे मी त्या उघड्या रंगमंचासमोर पावसात भिजत उभा राहिलो. त्या काळी श्रोत्यांना परदेशी गाणी हवी असत; कोणी स्वतःची रचना सुरू केली की मागून आरडाओरडा होई. अशा गर्दीपुढे रॉक मशीन स्वतःची गाणी धीटपणे वाजवत असे, याचे मला फार अप्रूप वाटे. याच बँडने 1993 मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर 2012 मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' आला, तेव्हा जुन्या मित्रांसाठी मी त्याच्या प्रती घेऊन ठेवल्या. त्यातल्या लांब, वळणे घेत जाणाऱ्या रचना ऐकताना आमच्या पिढीचा बँड आमच्याबरोबरच प्रौढ झाला, असे मला मनापासून वाटले.

रंगभवनाच्या आसपास रुग्णालये आणि महाविद्यालय आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि 2003 च्या सुमारास तेथील रॉकचे कार्यक्रम थांबले. रुग्णांना शांतता हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुःख याचे आहे की बदली जागा कोणी दिली नाही आणि हे संगीत उपाहारगृहांत गेले, जेथे लोक जेवत असतात, बोलत असतात. तीन मिनिटांचे गाणे तेथे निभावते. पंधरा मिनिटांची रचना मात्र बसून, लक्ष देऊन ऐकावी लागते. म्हणून मी आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या विश्वस्तांच्या मागे लागलो आणि त्यांचे सभागृह रविवारी दुपारी चार ते सात या वेळात मिळवले. आतापर्यंत तीन बँडनी तेथे वाजवले आहे. खुर्च्या मांडायला मी स्वतः जातो.

पुणे, तबल्याचा शिक्षक

माझा एक विद्यार्थी इंजिनियरिंगला गेल्यावर ड्रम वाजवू लागला. गुरूला सांगावे की नाही, या संकोचात त्याने वर्ष काढले आणि एके दिवशी म्हणाला, "सर, आम्ही सात मात्रांत एक गाणे बसवले आहे, पण ते चालत नाही. तुम्ही एकदा ऐकाल का?" कर्वेनगरमधल्या एका तळघरात त्यांची तालमीची खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या होत्या आणि आत पंखाही सुरू करत नसत, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येई.

मुले 'एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन' अशी मोजत होती. हिशेब बरोबर होता, परंतु प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटे, जणू आठवी मात्रा कोणी चोरून नेली आहे. मी त्यांना सात मात्रांचा रूपक ताल तोंडाने म्हणून दाखवला: तीन, दोन, दोन. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' म्हणजे टाळी नसलेली मात्रा असते. जेथे आपण सर्वांत मोठा आघात अपेक्षितो, तेथेच ताल हात वर उचलतो. मग मी विद्यार्थ्याला एवढेच सुचवले की पहिल्या मात्रेवरची मोठी झांज काढून टाक आणि वजन चौथ्या व सहाव्या मात्रेवर दे. दोन-तीन वेळा ते विस्कटले. चौथ्या खेपेला बासवाल्या मुलीने आपोआप मान डोलावली आणि गाणे चालू लागले. त्या खोलीत मी घामाने भिजलो होतो आणि माझा आनंद मावत नव्हता.

त्यानंतर मी मुद्दाम या प्रकारचे बँड शोधून ऐकू लागलो. मुंबईच्या पॅराडाइम शिफ्टचा 'सम्मुख' (2017) मला त्या विद्यार्थ्यानेच दिला. त्यात हिंदुस्थानी वळणाचे गाणे आणि व्हायोलिन रॉकच्या अंगाने येते. पुण्यात 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर सुरू झाला आणि पुढे त्याच महोत्सवात 2016 साली पॉर्क्युपाइन ट्रीचा गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन वाजवून गेला, त्याची चर्चा सर्वत्र झाली. पण अशा महोत्सवांत दुपारच्या उन्हात वाजवणाऱ्या नव्या मुलांसमोर मोजकीच माणसे असतात, आणि मी जातो तो त्याच वेळी. माझ्या वर्गात आता दर पंधरवड्याला एक तास ड्रम वाजवणाऱ्या मुलांसाठी ठेवलेला आहे. त्याचे शुल्क मी घेत नाही.

बंगळुरू (मूळ सातारा)

नोकरीसाठी येथे आले तेव्हा कन्नड येत नव्हते आणि शनिवार-रविवार खायला उठत. शेजारच्या तमिळ कुटुंबातल्या मुलीने मला अगमच्या कार्यक्रमाला नेले. हा बँड 2003 पासूनचा आहे, आणि कर्नाटक संगीतातल्या कृती तो प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बांधणीत वाजवतो. माझ्या एका बाजूला नऊवारी नव्हे, पण तशाच थाटाची कांजीवरम नेसलेल्या आजी बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला काळ्या टी-शर्टमधली मुले. दोघेही मांडीवर एकच ताल धरत होते.

तेथून मी रेनबर्न या बँडपर्यंत पोचले. ओळख मिळवण्याच्या ओढीभोवती गुंफलेला त्यांचा 'इन्सिग्निफाय' 2018 मध्ये आला. मी तो बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घेतला आणि तेव्हापासून आवडलेला अल्बम विकत घ्यायचाच, असा नियम केला. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून 15 टक्के स्वतःकडे ठेवते आणि उरलेली रक्कम, पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाता, कलावंताला मिळते. मार्च 2020 पासून टाळेबंदीच्या काळात तर ठरावीक शुक्रवारी हा वाटाही त्यांनी सोडला होता. त्या शुक्रवारांसाठी मी महिन्याच्या सुरुवातीलाच पाचशे रुपये बाजूला काढत असे. मोबाइलवर फुकट ऐकणे वाईट नाही, परंतु एका खरेदीइतकी रक्कम बँडला त्यातून मिळायला शेकडो वेळा ऐकावे लागते, हे ज्यांना परवडते त्यांनी ध्यानात घ्यावे.

मिल्टन कीन्स, इंग्लंड

माझा अनुभव लहान आहे. कार्यालयातल्या एका इंग्लिश सहकाऱ्याने मला स्कायहार्बरचा 'गायडिंग लाइट्स' (2014) ऐकवला आणि हा बँड दिल्लीचा आहे, असे सांगितले. त्यात गाणारा डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लिश असल्यामुळे मला ते आधी खरे वाटेना. केशव धर या तरुणाने दिल्लीत घरी बसून ध्वनिमुद्रण करत हा प्रवास सुरू केला, हे कळल्यावर मला अभिमान वाटला, आणि तीन वर्षे दिल्लीत राहूनही आपण कधी चौकशी केली नाही याची खंतही वाटली. आता भारतात येताना मी तारखा ठरवण्याआधी त्या आठवड्यात कोणाचे कार्यक्रम आहेत ते पाहतो.

नाशिक, एका गिटारवादकाची आई

मला या संगीतातले काही कळत नव्हते. मुलगा आणि त्याचे तीन मित्र आमच्या गच्चीवरच्या खोलीत तालीम करत, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी तक्रार घेऊन येत. मी मुलांना वेळ आखून दिली, सकाळी अकरा ते एक, आणि काकूंना एकदा वर बोलावून संपूर्ण रचना ऐकवली. ती चौदा मिनिटांची होती. संपल्यावर काकू म्हणाल्या, "मधला सावकाश भाग मला आवडला रे, तो मोठा करा." मुलांनी तो खरोखरच मोठा केला. पहिल्या कार्यक्रमाला काकू पुढच्या रांगेत होत्या. ज्यांच्या घरी अशी मुले असतील त्यांनी दार बंद करण्याआधी एकदा पूर्ण रचना ऐकावी, एवढेच मी सांगेन.

अंधेरी, मुंबई, बासवादक

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी वाजवणारा आहे. पश्चिम उपनगरातल्या एका जागेने आम्हांला पंचेचाळीस मिनिटे कबूल केली होती आणि दारावरच्या तिकिटांतला निम्मा वाटा देण्याचे ठरले होते. आधीचे कार्यक्रम लांबले आणि ऐन वेळी आमची वेळ वीस मिनिटांवर आली. आमच्या दोन्ही रचना प्रत्येकी अकरा मिनिटांच्या आहेत. दुसरी शेवटाकडे चढत असतानाच ध्वनिनियंत्रकाने हात वर केला आणि आम्हांला थांबावे लागले. ठरलेला वाटाही मिळाला नाही. टेम्पोचे भाडे आणि तालमीच्या खोलीचे तासाला चारशे रुपये आम्ही आपापल्या पगारातून भरले.

अशा वेळी श्रोत्याने केलेली लहानशी गोष्ट किती मोठी ठरते, ते मी सांगतो. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला एक गृहस्थ येतात. ते मुख्य बँडच्या वेळी न येता दार उघडते तेव्हाच येतात आणि मंचाच्या उजव्या कोपऱ्यात उभे राहतात. ओळख आहे म्हणून फुकट प्रवेश ते मागत नाहीत, तिकीट घेतात. आमच्या एका गाण्यात मराठी ओळी आहेत, त्यांतला एक शब्द चुकीचा होता. तो त्यांनी कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितला, आणि आम्ही ध्वनिमुद्रणाआधी सुधारला. मला विचाराल तर टाळ्यांपेक्षा अशा कानाची आम्हांला अधिक गरज असते.

त्या रात्री सामान गाडीत चढवताना त्यांनी अ‍ॅम्पची एक बाजू धरली आणि विचारले, "दुसऱ्या रचनेचा शेवट कसा आहे?" तो आम्ही येत्या रविवारी तालमीच्या खोलीत वाजवणार आहोत. खोलीत वाद्यांसकट जेमतेम बारा माणसे मावतात. ड्रमच्या शेजारची जागा आम्ही त्यांच्यासाठी ठेवली आहे.