'जपानी शिकायचं तर पुण्याला जा' म्हणणाऱ्यांना

रायबंदरकर

काल इथं एकाने लिहिलं: 'गोव्यातल्या विद्यापीठात जपानी अध्ययनाचं व्याख्यातापद मागणं ही चैन आहे. ज्याला जपानी हवी त्याने पुण्याला जावं.' खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

1548 साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात, आंजिरो नावाचा जपानी माणूस शिकत होता. हातून खून झाला म्हणून कागोशिमाहून पळालेला. मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरना भेटला, गोव्यात बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला झेवियर त्याला घेऊन कागोशिमाला उतरले. ख्रिस्ती देवाला जपानीत काय म्हणायचं, असं विचारल्यावर आंजिरोने शब्द दिला 'दाइनिची'. म्हणजे महावैरोचन बुद्ध! शिंगोन या जपानी बौद्ध पंथाच्या भिक्षूंना वाटलं, हे तर आपलंच सांगतायत. चूक उमगायला दोनेक वर्षं गेली, मग झेवियर 'देउस' हा लॅटिन शब्दच म्हणू लागले.

आंजिरोला भाषा येत होती, तिच्या मागचा धर्मविचार त्याला कुणी शिकवला नव्हता. क्लास आणि अध्ययन यांत एवढंच अंतर आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. पुण्यातले क्लास उत्तमच आहेत. मला जपानी, पोर्तुगीज आणि इथली भाषा अशा तिन्ही वाचणारा एक माणूस हवाय, आणि तो शोभेल तर गोव्यातच.

केपेकर

ती पोस्ट माझी. अजूनही तेच म्हणतो.

जपानबद्दलची जेझुइटांची, म्हणजे झेवियरच्या संघातल्या पाद्र्यांची, पत्रं मुख्यतः रोम आणि लिस्बनला आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात बसून तुमचा माणूस काय वाचणार? नवीन असिस्टंट प्रोफेसरचा मूळ पगारच महिना 57,700. आमच्या वाड्यावरची दोन मुलं पदवी घेऊन तारवावर जायची वाट बघत घरी बसलीत. 2021 मध्ये भारत-जपान करार झाला, आजाऱ्यांची शुश्रूषा, शेती, हॉटेल अशा 14 क्षेत्रांत कामगार घ्यायचा. त्याला लागते साधारण एन-फोरची जपानी, म्हणजे परीक्षेची खालून दुसरी पातळी. ती शिकवा केप्यात, काणकोणात, संध्याकाळी. आंजिरो त्यांच्या ताटात भात वाढणार नाही.

साखळीची माई

केपेकरबाब, 'पुण्याला जा' लिहिणं सोपं आहे. माझा मुलगा गेला. कोथरूडला एका खोलीत चौघे, वर डबा, क्लासची फी. दोन वर्षं मी गळ्यातली साखळी सोडवू शकले नाही. तो एन-थ्री, म्हणजे एन-फोरच्या वरची पातळी, झाला, नोकरी लागली, देवाची कृपा. पण त्याच्याच वर्गातली इथली एक मुलगी त्याच्याहून हुशार होती. तिच्या घरच्यांनी एकटीला पाठवलं नाही. ती आता काय करते, मला विचारू नका.

वहीवाली

मी जपानी शिकवते, म्हणून बोलते. तुम्ही ज्या पदावरून भांडताय ते निघालं तरी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देऊन, निघेल. एका महाविद्यालयात मी तीन वर्षं काढली. जूनमध्ये बोलावणं, पहिला पगार दिवाळीला, मे महिन्यात करार खलास. 2019 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) तासाला 1,500 आणि महिन्याला फार तर 50,000 अशी मर्यादा घातली. मला त्यातला निम्मासुद्धा आकडा दिसला नाही. चौकटीच्या वहीत मुलांच्या कांजी (जपानीतली चिनी चिन्हं) तपासायच्या, कुठे रेघ खालून वर ओढलीय ते लाल पेनाने दाखवायचं, हे सगळं घरी, बिनपगारी. अशा माणसाकडून संशोधन कसलं मागता? पद कायम असेल तर मागा, नाहीतर नाव घेऊ नका.

मयेंकर

आणि कायम पद निघालंच तर जाहिरातीत काय असेल? 'कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट'. पुण्यात दहा वर्षं शिकवलेला मराठी माणूस दारातूनच परत. माझ्या भाच्याला मुलाखतीत अर्धा वेळ कोकणीवरच धरला, विषयाचं कुणी विचारलंच नाही. गोव्यातल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सनी 1616 ला क्रिस्तपुराण कुठल्या भाषेत लिहिलं? मराठीत! चारशे वर्षांनी तीच मराठी 'इष्ट' झाली.

कुंकळ्ळीकार

मयेंकर, स्टीफन्सनी व्याकरण कुठल्या भाषेचं लिहिलं तेही सांगा की. 1640 ला रायतूरला छापलं ते कोकणीचं. 1987 च्या कायद्याने राजभाषा कोकणी आहे आणि मराठी वापरायची मुभाही त्याच कायद्यात आहे. गोव्याच्या पोरांना शिकवायचं तर त्यांची घरातली भाषा नको?

मयेंकर

मराठी आमच्या घरातलीच आहे. आजीने भजनं मराठीत म्हटली, चुडतांच्या मांडवात नाटकं मराठीत झाली. 'मुभा' हा शब्द जपून वापरा. आणि जपानीला मराठीच जवळची. 'खाऊन बघ' हे जपानीत तंतोतंत 'तबेते मिरु', खाणं आणि बघणं. 'करून ठेवतो' म्हणजे 'शिते ओकु', करणं आणि ठेवणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर आठवडा घालवावा लागतो, आपल्या पोराला एका वाक्यात कळतं.

कुंकळ्ळीकार

खावन पळय. करून दवर. आता बोला.

मयेंकर

…बरं. हे मान्य. फॉर्मवरचा 'इष्ट' मान्य नाही, मरेपर्यंत नाही.

वहीवाली

दोघांचंही खरं आहे, मी फळ्यावर दोन्ही लिहिते. डाव्या बाजूला 'खाऊन बघ', उजवीकडे 'खावन पळय', मध्ये 'तबेते मिरु'. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. आणि 'अ का सा ता ना हा मा या रा वा' हा जपानी अक्षरांचा क्रम जपानकडे भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून गेलाय, हे सांगितलं की पाठांतर अर्ध्यावर येतं. कुठल्याही क्लासच्या पुस्तकात हे मला सापडलं नाही, माझं मीच जमवलं.

रायबंदरकर

पत्रं रोम-लिस्बनला आहेत हे केपेकरांचं बरोबर, तिथे मी ताणलं. पण मयेंकर, कुंकळ्ळीकार, तुम्ही भांडता भांडता माझंच काम केलंत. नागासाकीला 1603 मध्ये जपानी-पोर्तुगीज कोश छापायला सुरुवात झाली, 1604 पासून जेझुइट रोद्रिगिशचं जपानी व्याकरण. इकडे रायतूरला स्टीफन्सचं. एकाच संघाची माणसं, लॅटिन व्याकरणाच्या त्याच साच्यात दोन परक्या भाषा बसवू पाहतायत. रोमला जाऊन परतणारी चार जपानी मुलं 1587 ला गोव्यात होती, त्यांतल्या हारा मार्तिन्योने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं, ते पुढच्या वर्षी इथेच छापलं. स्टीफन्स 1579 पासून गोव्यात! कोश आणि दोन्ही व्याकरणं अशी तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारा माणूस दिल्लीला बसून कोकणी-मराठीची बाजू कशी वाचणार?

शिवाय सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. पाली शिकायला सिलोन, ब्रह्मदेश पालथे घातले आणि शिकवायला गेले पुण्याच्या फर्ग्युसनला. आपण आपली माणसं किती वेळा पुण्यालाच पाठवायची?

केपेकर

कोसंबींचं नाव काढलंत म्हणून थांबतो. 'चैन' हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. पद कायम असावं, आणि त्याच माणसाने आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यापीठाबाहेर, कदंबा बस जाते अशा गावी, एन-फोरचा वर्ग घ्यावा. ही अट पदाच्या मागणीच्या निवेदनात असेल तर पहिली सही माझी. माईंच्या मुलाच्या वर्गातली ती मुलगी जिथे चालत पोचेल, तिथे वर्ग हवा.

साखळीची माई

साखळीला घ्या. देवळाची खोली मी बोलून ठेवते.

वहीवाली

त्या दोन संध्याकाळ कामाच्या तासांत धरायच्या, वर नाही. हे लिहून हवं.

रायबंदरकर

लिहितो. रविवारी मसुदा टाकतो. भाषेच्या अटीचं कलम सध्या मोकळं ठेवतो.

मयेंकर

मोकळं नको.

कुंकळ्ळीकार

अजिबात नको. रविवारी येतो.