'सिस्टर श्वास मोजत बसली' : त्या पोस्टीला उत्तर

रात्रपाळी : काल एकांनी इथं लिहिलं, "वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्री २ वाजता ते कळवळत होते आणि सिस्टर सुई द्यायची सोडून श्वास मोजत बसली. या बायकांना दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही." वाचून गप्प बसणार होते. झालं नाही.

दादा, दुखण्यावर मॉर्फिनची सुई दिली की माणूस आधी गुंगतो, मग श्वास मंदावतो. मिनिटाला ८-१० श्वास आणि हाका मारूनही डोळे उघडेना, तर पुढचा डोस मी देत नाही, डॉक्टरांना उठवते. उतारा आहे, नॅलोक्झोन. पण त्याचा अंमल मॉर्फिनच्या आधी उतरतो. पेशंट जागा झाला म्हणून हुश्श करायचं नाही, तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. वर मॉर्फिन दुहेरी कुलपात, किल्ली इनचार्जकडे, रजिस्टरवर सह्या, रिकामं अँप्यूलसुद्धा जपून परत. वॉर्डात ३६ पेशंट आणि मी एकटी.

बाबांचा_मुलगा : ती पोस्ट माझीच. श्वास मोजा की, कोण नको म्हणतं? पण ४० मिनिटं? बाबांनी दहापैकी नऊ दुखतंय सांगितलं, तर उत्तर काय, "आजोबा, थोडं सोसा." हे कुठल्या रजिस्टरात लिहिलंय?

निवृत्त_मास्तर : एवढं रामायण कशाला? आमचे गावचे डॉक्टर डायक्लोफेनॅक टोचायचे, माणूस चालत घरी. सुई ती सुई. गोळ्यांनी काही होत नाही.

ब्रदर_आयसीयू : मास्तर, माझ्या मावसभावाला तुमच्यासारख्याच कुणीतरी नको त्या जागी सुई मारली. कमरेखालच्या मोठ्या नसेला लागली. पाऊल उचलता येत नाही, सात वर्षं झाली. कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चतकोरातच का टोचायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी उगाच घोकायला लावत नाहीत. आणि किडनी अधू असलेल्या म्हाताऱ्याला डायक्लो म्हणजे…

पांढरपुठ्ठा : डायक्लोफेनॅकचं नाव निघालंच आहे तर ऐका. हेच औषध गुरांना टोचलं, मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली, त्यांच्या किडन्या गेल्या. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये हजारात एखादं उरलं. २००६ ला गुरांसाठी बंदी आली, तरी लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरत राहिले. म्हणून २०१५ पासून ३ मिलीच्या वर इंजेक्शन मिळत नाही. रायगडात म्हसळ्याला चिरगावात जाऊन बघा, थोडी शिल्लक आहेत.

बाबांचा_मुलगा : माझे वडील तिथं रडत होते, आणि इथं गिधाडं?

पांढरपुठ्ठा : किडनी दोघांनाही असते, साहेब.

निवृत्त_मास्तर : म्हणजे गिधाडांसाठी आम्ही सांधे धरून बसायचं? माझ्या सोसायटीत लिफ्ट दोन महिने बंद आहे, त्याचं कुणाला पडलेलं नाही!

ब्रदर_आयसीयू : मास्तर, लिफ्टचा वेगळा धागा काढा. गिधाडांच्या बाजूने मी आहे.

परळची_सून : कुणाला मॉर्फिनचं एवढं भ्या का, ते सांगते. सासूबाईंना कर्करोग होता. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, सोबत पोट साफ होण्याची, कारण मॉर्फिनने पोट धरतंच. नणंद म्हणे, "आईला व्यसन लागेल." शेवटचे तीन महिने! १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टरच घाबरून गेले होते, २०१४ च्या दुरुस्तीने जरा सुटसुटीत झालं. तरी आमच्या तालुक्यात गोळी नव्हतीच. यजमान दर पंधरवड्याला परळला. नणंदेला मी अजून माफ केलेलं नाही.

रात्रपाळी : वहिनी, तुमचं सगळं मान्य. आता दादा, तुमच्यासाठी. गेल्या वर्षी ४२ किलोच्या आजींना पॅरासिटामॉल सलाईनमधून चालू होतं. मुलगी गुपचूप घरून आणलेली तापाची गोळी देत होती, वर दुखण्याची दुसरी, तिच्यातही पॅरासिटामॉलच. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅमची हद्द, आजींना एका वेळी ६०० मिलिग्रॅमच्या आसपासच. लिव्हरचे रिपोर्ट आले तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? मी.

बाबांचा_मुलगा : बरं. आम्हीही बाबांना रात्री ९ ला घरची एक गोळी दिली होती. कुणी विचारलंच नाही.

रात्रपाळी : वा! म्हणजे मी श्वास मोजत होते ते बरंच झालं म्हणायचं.

बाबांचा_मुलगा : तुम्ही नव्हतात, दुसऱ्या कुणी होत्या. आणि ती ४० मिनिटं तशीच आहेत.

रात्रपाळी : ४० मिनिटं चूकच. केसपेपरवर नुसतं 'एसओएस', म्हणजे गरज पडली तर द्या, एवढंच लिहून डॉक्टर झोपायला गेले, किती, कितीदा काही नाही. मीही एकदा एका बाळंतिणीला "सोस गं" म्हटलं होतं, टाक्यांमध्ये रक्त साकळलं होतं तिच्या. पहाटे कळलं.

निवृत्त_मास्तर : लिफ्टचा धागा काढलाय. या.