पडदे शिवायला टाकायचेत: माप खिडकीचं द्यायचं की रॉडचं?

निळी छत्री:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. हॉलच्या खिडकीला पहिल्यांदाच मापाचे पडदे शिवून घेतेय. तयार आणलेले पडदे एक तर अधांतरी लटकतात, नाही तर लादी पुसतात. शिवणाऱ्यांनी मला दोनच आकडे विचारले, रुंदी आणि उंची, आणि मी तिथेच अडकलेय.

खिडकी सरकत्या काचेची. चौकट १५० सेंमी रुंद, १२० सेंमी उंच. डावीकडे चौकटीपासून ९ सेंमीवर भिंतीचा कोपरा येतो, उजवीकडे भिंत मोकळी आहे. रॉड अजून लावलेला नाही, पण चौकटीच्या वर १५ सेंमीवर लेव्हल धरून पेन्सिलची रेघ मारलीय. त्या रेघेपासून लादीपर्यंत डावीकडे २२१, मध्ये २२१.५ आणि उजवीकडे २२३ भरतं. टेप स्टीलचाच आहे, पुन्हा पुन्हा मोजून झालंय.

कापड सुती, पन्हा १३७ सेंमी. मोठी फुलं आहेत, तीच नक्षी दर ६४ सेंमीवर परत येते. आयलेटचे, म्हणजे वरच्या कडेला गोल कडी बसवलेले, पडदे हवेत, जमिनीपर्यंत. आता रुंदी १५० सांगू का? चुण्यांचं काय? उंची तीनपैकी कुठली? आणि कापड किती घेऊ?

सुईदोरा:
आधी रॉड लावा, मग टेप काढा. रेघ म्हणजे रॉड नव्हे. ब्रॅकेटमध्ये रॉड बसला की स्क्रूच्या जागेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली जातो, आणि जमिनीपर्यंतच्या पडद्यात तेवढा फरक लगेच दिसतो.

खिडकीचं माप फक्त रॉड किती लांब घ्यायचा हे ठरवायला. पडद्याचं माप रॉडवरून. एरवी दोन्ही बाजूंना १५-२० सेंमी रॉड बाहेर काढतात, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर गोळा होतो. तुमच्या डावीकडे ती सोय नाही. टोकाच्या टोपणाला चार सेंमी सोडा, म्हणजे चौकटीबाहेर ५ उरले. उजवीकडे २५ काढा. एकूण रॉड १८०.

चुण्यांसाठी आयलेटला रॉडच्या दुप्पट कापड पुरतं. दीडपटीत शिवलेला पडदा बंद केला की चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. दुप्पट म्हणजे ३६०. तुमच्या पन्ह्यात तीन पन्हे लागतील, ४११ सेंमी. कडांच्या दुमडी आणि दोन जोड वजा जाता ३८५ च्या आसपास उरेल, प्रत्येक पडद्याला दीड पन्हा. एकेक पडदा नेमका १८० वर आणण्यासाठी कापायला सांगू नका, जास्तीच्या चुण्या छानच दिसतात. अर्धा पन्हा मात्र बाहेरच्या बाजूला, भिंतीकडे, जोडायला सांगा. जोड मधोमध आला की नजर तिथेच जाते.

निळी छत्री:
वा, रुंदीचा गुंता सुटला! पण मग शिवणाऱ्यांना ‘रुंदी’ म्हणून १८० सांगू की ३६०?

सुईदोरा:
नुसता आकडा सांगूच नका. काही जण रुंदी म्हणजे रॉड धरतात, काही जण शिवून झालेला सपाट पडदा. चिठ्ठीवर लिहून द्या: ‘रॉड १८०, पडदे दोन, प्रत्येक पडदा सपाट अंथरल्यावर साधारण १९०.’ सेंटिमीटर हा शब्दही लिहा. अर्धी शिवणकामं इंचात चालतात.

ओळंबा:
उंचीबद्दल. रेघ लेव्हलमध्ये आहे म्हणताय, म्हणजे उतार लादीला आहे. तिन्हींतलं सर्वांत कमी माप घ्या. २२१ मधून एक सेंमी वजा करा, झाडू-पोछ्याला तेवढी फट हवीच. उजव्या टोकाला तीन सेंमीची फट दिसेल, पण चुण्यांमध्ये ती फारशी जाणवत नाही. रॉड उताराप्रमाणे तिरका लावायचा मोह टाळा. चौकट त्याच्या अगदी खाली आहे, तिरकेपणा तिथे ओरडून दिसेल.

सुईदोरा:
अनुमोदन, फक्त आयलेटची एक भर. रॉड कड्यातून जातो आणि पडदा रॉडच्या वर डोकावतो. कड्याच्या आतल्या वरच्या काठापासून कापडाच्या टोकापर्यंत तीन सेंमी धरा. म्हणजे रॉडच्या वरच्या कडेपासून लादीपर्यंत २२१ आलं, तर २२० अधिक ३, शिवून तयार उंची २२३. कडी दुसऱ्या मापाची असली तर हे तीन बदलतील, म्हणून कडं हातात घेऊनच मोजा.

त्यावर वरची दुमड आणि खालची चांगली रुंद दुमड मिळून २७ सेंमी धरा, म्हणजे एका तुकड्याला २५०. जोडावर फुलं जुळायला तुकडा नक्षीच्या पूर्ण पटीत कापावा लागतो. नक्षी ६४ ची आहे, चार वेळा २५६ होते, म्हणजे तुमचं नशीब जोरावर! दर तुकड्याला सहाच सेंमी वाढले. तीन तुकडे मिळून ७.६८ मीटर. आठ मीटरच्या आत उरकेल असं वाटतं, पण थांबा. कापड सुती आहे. तीन टक्के आटलं तरी शिवलेल्या पडद्यात साडेसहा सेंमी जातात. जरा जास्त घ्या, कापण्याआधी धुऊन इस्त्री करा आणि मग नक्षी पुन्हा मोजा, कारण तीही ६४ राहणार नाही.

निळी छत्री:
हे शेवटचं डोक्यातच आलं नव्हतं. उजव्या पडद्याची उंची दोन सेंमी जास्त ठेवली तर? तिकडची फट जाईल ना?

ओळंबा:
पहिल्या धुण्यानंतर कुठला डावा नि कुठला उजवा ते आठवत बसाल. दोन्ही सारखेच शिवा.

सुईदोरा:
अगदीच खुपत असेल तर खालची दुमड फक्त कच्च्या टाक्यांवर ठेवायला सांगा. पडदे काही दिवस लटकू देत, कापड आपल्या वजनाने बसतं. मग टाचण्या लावून पक्की शिलाई. मी स्वतः जमिनीपर्यंतचा पडदा याशिवाय पक्का करत नाही.

निळी छत्री:
ठीक, तसंच सांगते. एक शंका राहिली: डावीकडे जागाच नाही, तर एकच मोठा पडदा करून सगळा उजवीकडे सरकवला तर काच पूर्ण मोकळी होईल का?

ओळंबा:
एवढं कापड गोळा झालं की अर्धा मीटर तरी घेईल, तुमच्याकडे २५ आहेत. रॉड आणखी लांबवाल, तर त्याला मध्ये आधार लागेल, आणि आयलेटचं कडं मधल्या ब्रॅकेटवरून पुढे सरकत नाही. दोन पडद्यांत तो ब्रॅकेट बरोबर दोघांच्या मध्ये येतो, त्रास नाही. डावीकडची वीतभर काच झाकलेली राहील, ती राहू द्या.

सुईदोरा:
आणि प्रत्येक पडद्याला कडी सम संख्येत लावायला सांगा. विषम झाली तर एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीत येते.

निळी छत्री:
रॉड उद्या लावतेय. नवी मापं आली की चिठ्ठी इथे टाकते, शिवायला देण्याआधी नजर घाला प्लीज.